आठ महिने पाण्यात: १:९६ स्कॉट वर्ग फ्लोटिला लीडरचं आरसी मॉडेल

स्कॉट वर्ग म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या, विनाशिकांच्या ताफ्याचं नेतृत्व करणाऱ्या ब्रिटिश युद्धनौका. हे त्यांचं ९६ पट लहान, रेडिओ रिमोटवर (आरसी) चालणारं मॉडेल. किटमध्ये फायबरग्लासचं हल (होडीचं मुख्य अंग), वरचा सगळा संसार थ्रीडी प्रिंट केलेला, दोन ब्रश मोटर, दोन पितळी पंखे आणि एक सुकाणू. मूळ जहाज १०१.३ मीटर लांब आणि ९.७ मीटर रुंद, म्हणजे मॉडेल साधारण १०५ सेंटिमीटर बाय १०. सरळ पळताना ही होडी देखणी दिसते. वर थोडं वजन वाढलं की कलंडायला टपलेली.

आणि किटमध्ये ते वाढलेलंच येतं. धुराडी भरीव रेझिनची आहेत, दोन्ही मिळून ९० ग्रॅम. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटची केली तर काम १५ ग्रॅममध्ये होतं. पाणरेषेवर (खरं जहाज जिथपर्यंत पाण्यात बुडतं ती रेष) बसायला एकूण वजन सव्वादोन किलोच्या आसपास लागतं. त्यासाठी बॅटरी (७.२ व्होल्ट, निकेल मेटल हायड्राइड) अगदी तळाला ठेवायची आणि शिशाच्या पट्ट्या कण्याच्या (तळाच्या मधल्या रेषेच्या) दोन्ही बाजूंना. इपॉक्सी (कायमचा डिंक) लगेच लावू नका, पट्ट्या आधी टेपने चिकटवा. टबमध्ये डेकची कड पाण्याला टेकेपर्यंत दाबून सोडा. होडी आळसावून उठली तर वर वजन जास्त आहे. झटक्याने उठून थरथरली तर शिसं उगाच जास्त किंवा फार खाली गेलंय. एकदा जमलं की मगच इपॉक्सी.

खऱ्या जहाजांचीही हीच गोची होती. दुसऱ्या महायुद्धात डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे पाण्यात फुटणारे बॉम्ब) आणि रडार चढवायला काही तोफा उतरवाव्या लागल्या. किटवाल्याने मात्र ४.७ इंचीच्या पाचही तोफा ठेवून ब्रिजवर रडारचा कंदीलही (अँटेनाभोवतीचं कंदिलासारखं घर) दिलाय! १९१८ ची रचना हवी तर कंदील काढा; १९४२ ची हवी तर ज्या जहाजाचं मॉडेल करताय त्याचे फोटो बघून तोफा कमी करा. वजनही घटतं. तोफांच्या रेझिनच्या नळ्या पहिल्या धक्क्याला तुटतात. २ मिलिमीटरची पितळी नळी बसवा, लांबी साडेपाच सेंटिमीटर.

पाणी शिरतं ते शाफ्टच्या (मोटरपासून पंख्यापर्यंतच्या दांड्याच्या) नळीतून. नळीचं आतलं टोक पाणरेषेच्या खाली आहे, त्यामुळे ग्रीस संपलं की बिल्जमध्ये (होडीच्या आतल्या तळाशी) पाणी. दर चार-पाच फेऱ्यांनी ग्रीस भरा. घट्ट ग्रीस टाळा, बॅटरी खातं. शेवाळाचा एक धागा पंख्यात अडकला तरी मोटर तापते, म्हणून प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज हवाच. मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर किटमध्ये नाहीत. ते लावल्यावर सुकाणूच्या सर्वोची (सुकाणू फिरवणाऱ्या छोट्या मोटरची) थरथर थांबली.

वेग भरपूर आहे. खऱ्या जहाजाचा ३६.५ नॉट या मापात (९६ च्या वर्गमुळाने भागून) सेकंदाला १.९ मीटर होतो, आणि निम्म्या थ्रॉटलवरच तो गाठता येतो. त्यापुढे गेलात तर नाळ (पुढचं टोक) वर उठते आणि युद्धनौकेची स्पीडबोट होते. वळायला मात्र मैदान लागतं. पूर्ण वेगात पूर्ण सुकाणू दिलं की बाहेरच्या बाजूला इतकी झुकते की पोटात धस्स होतं. ट्रान्समीटरवर सुकाणूचा फेक ३५ अंशांवर बांधून आतल्या बाजूची मोटर मंद करणारं मिक्सिंग केल्यावर वळणाचा घेर जवळजवळ निम्मा झाला.

उन्हाळ्यात गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका. पीएलएचा (थ्रीडी प्रिंटिंगचं उष्णतेने लवकर मऊ होणारं प्लास्टिक) मागचा डेकहाऊस एका दुपारीत पापडासारखा वाकतो. बदली भाग पीईटीजीमध्ये (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) मागवला तर मिळतो, फक्त पैसे वेगळे.