एकाच अँजिओग्राफीचे दोन कागद: मिरजेतील बिलिंग डेस्क की अमेरिकेसाठी कोडिंग?

सांगली-मिरज परिसरात बी.एस्सी., बी.फार्म. किंवा नर्सिंग पूर्ण केलेल्या मुलामुलींपुढे सध्या एक प्रश्न वारंवार उभा राहतो. रुग्णालयाच्या बिलिंग आणि टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्कवर रुजू व्हावे, की अमेरिकेतील रुग्णालयांसाठी मेडिकल कोडिंग, म्हणजे वैद्यकीय अहवाल वाचून बिलासाठी ठरावीक कोड लावण्याचे काम, करणाऱ्या कंपनीत जावे? मी मिरजेत हृदयरोग विभागाच्या बिलिंगवर सात वर्षे काढली आणि त्यानंतर विश्रामबागेतील घरी बसून अमेरिकी कार्डिऑलॉजीचे कोडिंग करतो आहे. पगाराच्या आकड्यांवरून तुलना करण्यापेक्षा कोरोनरी अँजिओग्राफी ही एकच तपासणी दोन्हीकडे कागदावर कशी उतरते, हे पाहिले तर या दोन कामांतील फरक नीट कळतो.

तपासणी सगळीकडे तीच आहे. मनगटातील किंवा जांघेतील धमनीत शीथ (आत शिरण्यासाठीची आखूड नळी) बसवून कॅथेटर ही बारीक लांब नळी हृदयाच्या धमन्यांच्या तोंडाशी नेतात, डाय (क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य) सोडतात आणि क्ष-किरणांवर चित्रण करतात. मिरजेत याचे बिल बहुधा पॅकेजचे असते. कॅथ लॅब (ही तपासणी होते ती खोली), डॉक्टरांचे शुल्क, डाय, कॅथेटर आणि खाट हे सारे त्या एका रकमेत धरलेले असते. त्यामुळे डेस्कवरच्या माणसाचा कस आकडेमोडीत लागत नाही, तो विम्याची मंजुरी मिळवताना लागतो.

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये चौथ्या क्रमांकाचा अपवाद असा आहे की, केवळ निदान किंवा तपासणी हाच मुख्य हेतू ठेवून दाखल झाल्यास तो खर्च मिळत नाही. अँजिओग्राफी ही मुळातच निदानाची तपासणी असल्याने तिच्या डोक्यावर या अपवादाची टांगती तलवार कायम असते. मी नवा असताना एका रुग्णालयात कवठेमहांकाळकडील एका द्राक्ष बागायतदाराच्या डिस्चार्ज कार्डावर ‘अँजिओग्राफीसाठी दाखल’ एवढेच लिहिले गेले होते आणि मी ते तसेच पाठवले. त्यांना आठवडाभर विश्रांतीतही छातीत दुखत होते, ईसीजीत बदल होते आणि हे सारे केस पेपरच्या पहिल्याच पानावर होते. पण डिस्चार्ज कार्डावर त्यातले काहीच आले नव्हते. दावा नामंजूर झाला. बेदाण्याचे पैसे यायचे होते, म्हणून त्यांच्या मुलाने पतपेढीतून कर्ज काढून बिल भरले. पुढे डॉक्टरांच्या सविस्तर पत्रासह फेरविचाराचा अर्ज केल्यावर रक्कम मिळाली, परंतु त्या मुलाने काउंटरवर मोजून ठेवलेल्या नोटा मला अजून आठवतात. तेव्हापासून कोणतेही कार्ड पाठवण्यापूर्वी मी वर वॉर्डात जाऊन, दाखल करण्याचे कारण कार्डावर आले आहे की नाही, हे डॉक्टरांना विचारू लागलो. जे घडले ते लिहून घेण्यापुरतेच हे विचारणे असते. जे घडले नाही ते लिहवून घेणे म्हणजे फसवणूक, मग नातेवाईक कितीही हात जोडोत.

मे २०२४च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. यामुळे काम वेगवान झाले, पण अपुऱ्या कागदांवर विमा कंपनीची क्वेरी (विचारणा) येणे काही थांबलेले नाही. स्टेंट (अरुंद धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसला, तर फेब्रुवारी २०१७ मध्ये किमतीवर मर्यादा आल्यापासून तो बिलात ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांकासह स्वतंत्र दाखवावा लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची फाइल आरोग्यमित्रांच्या मदतीने वेगळ्या वाटेने जाते. एवढ्या गोष्टी नीट जमल्या की डेस्कचे तांत्रिक अंग वर्षभरात हातात बसते, असे मी अनुभवाने सांगतो.

कोडिंगचे तसे नाही. तिथे रुग्ण दिसत नाही, डॉक्टर दिसत नाहीत, फक्त अहवाल समोर येतो आणि त्यातून अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सीपीटी यादीतील पाच अंकी कोड ठरवायचा असतो. फक्त हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफी असेल, तर ९३४५४. कॅथेटर महाधमनीची झडप ओलांडून डाव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात, लेफ्ट व्हेंट्रिकलमध्ये) गेले आणि तिथला दाब मोजला, तर ९३४५८. जवनिकेत डाय सोडले नाही तरी ९३४५८च राहतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. बायपासमध्ये जोडलेल्या रक्तवाहिन्यांचेही (ग्राफ्ट) चित्रण झाले असेल, तर ९३४५५ किंवा ९३४५९. म्हणजे तीन पानी अहवालात डाव्या जवनिकेच्या दाबाची एकच ओळ कुठेतरी असते आणि सारा कोड तिच्यावर फिरतो. मिरजेच्या पॅकेजमध्ये त्याच ओळीने सहसा एका रुपयाचाही फरक पडत नाही.

पायाच्या धमन्यांच्या अहवालात याहून बारीक वाचन लागते. कॅथेटर कितव्या फाट्यापर्यंत गेले, हे आपल्याला मोजावे लागते. उजव्या जांघेतून शिरून महाधमनीच्या दुभाजनावरून ते डाव्या बाजूला उतरले, तर डावी कॉमन इलियाक हा पहिला टप्पा, एक्स्टर्नल इलियाक दुसरा आणि मांडीतील सुपरफिशियल फेमोरल तिसरा. या तिसऱ्या टप्प्यासाठी ३६२४७ लागतो आणि वाटेतल्या टप्प्यांचे ३६२४५ व ३६२४६ वेगळे लावता येत नाहीत. रुग्णालयात केलेल्या तपासणीच्या वाचनासाठी डॉक्टरांच्या बिलातील कोडला २६ क्रमांकाचा मॉडिफायर (पूरक आकडा) जोडावा लागतो. त्याच बैठकीत स्टेंट बसला असेल, तर अँजिओग्राफी वेगळी लावता येईल की नाही, हे आधीची अँजिओग्राफी उपलब्ध होती का आणि स्टेंटचा निर्णय याच चित्रणावरून झाला का, यावर ठरते. मला हे काम मनापासून आवडते, कारण त्यात शरीररचना खऱ्या अर्थाने वापरावी लागते.

पण अहवालात ती ओळ नसेल, तर कोडर हतबल असतो. वर वॉर्डात जाता येत नाही. लेखी प्रश्न पाठवावा लागतो आणि त्यात उत्तर सुचवायचे नसते. उत्तर येईपर्यंत फाइल थांबते, किंवा लिहिले आहे तेवढ्याचाच कोड लावून पुढे जावे लागते. शिवाय तासाला ठरावीक फाइली आणि साधारण ९५ टक्के अचूकता, ही मोजपट्टी रोजची असते. सीपीटी दर १ जानेवारीला आणि अमेरिकेची निदानांची यादी दर १ ऑक्टोबरला बदलते, म्हणजे अभ्यास कधीच संपत नाही.

प्रवेशाची वाटही सारखी नाही. डेस्कसाठी पदवी, संगणकाची सवय आणि मराठी-हिंदी पुरते. कर्नाटकातून येणाऱ्या रुग्णांमुळे थोडी कन्नड आली, तर मिरजेत तुमची किंमत वाढते. कोडिंगसाठी बहुतेक कंपन्या सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेला मान देतात: १०० प्रश्न, चार तास, ७० टक्क्यांना उत्तीर्ण, आणि फी डॉलरमध्ये. अनुभव नसताना उत्तीर्ण झालात, तर प्रमाणपत्रापुढे शिकाऊ असल्याचे ‘ए’ अक्षर लागते आणि पहिली नोकरी मिळवताना तेच आडवे येते. नोकरीची हमी देऊन मोठी फी घेणाऱ्या क्लासला पैसे देण्यापूर्वी, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी किती जण आज प्रत्यक्ष कोडिंग करत आहेत, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.

माझे मत स्पष्ट आहे. इंग्रजी अहवाल दोन-दोन तास एकट्याने वाचण्याचा कंटाळा येत नसेल आणि पहिली काही वर्षे पुण्यात राहण्याची तयारी असेल, तर कोडिंगकडे जावे; घरून काम करण्याची मुभा बहुधा अनुभवानंतरच मिळते. घरची जबाबदारी सांगली सोडू देत नसेल, किंवा माणसांशी बोलल्याशिवाय दिवस सरत नसेल, तर डेस्क निःशंकपणे घ्यावा, आणि शक्यतो कॅथ लॅब असलेल्या रुग्णालयातला घ्यावा, कारण तिथे शीथ, डाय आणि झडप हे शब्द रोज कानांवर पडतात व पुढे कोडिंगकडे वळायचे ठरले तर अर्धा अभ्यास झालेला असतो. तरीही ठरत नसेल, तर घरातल्या कोणाचा तरी अँजिओग्राफीचा जुना अहवाल त्यांच्या परवानगीने घेऊन बसावे आणि कॅथेटर डाव्या जवनिकेत गेले होते की नाही, हे त्यातून शोधून पाहावे.