तीन पदरी सुतळीची अक्षरं: काय जमतं, काय बिघडतं

लोंबती देवनागरी अक्षरं करायला हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी तागाची तीन पदरी सुतळी उत्तम. पॉलिश केलेली सुतळी दिसते देखणी, पण गाठ घसरते. साधी सुतळी खरखरीत असते, म्हणून वेढा जिथे बसवाल तिथेच बसतो.

घेताना आधी वास घ्या. ताग कातताना तेल लावतात. रॉकेलसारखा उग्र वास असेल तर रंग डागाडागांनी चढणार. गुंडा उलगडून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा आणि किलोला दहा लिटर गरम पाणी, वीस ग्रॅम धुण्याचा सोडा या हिशेबाने अर्धा तास भिजवा. गुंडा तसाच बुडवला तर आतली सुतळी तेलकटच राहते. वाळवताना लडीला खाली वजन अडकवा, नाहीतर ती आखडून पिळाच्या गुठळ्या होतात. काळा रंग हवा तर आधी हिरड्याचा काढा, मग हिराकस (फेरस सल्फेट). हिराकस जपून, जास्त झाला की धागा ठिसूळ होतो.

दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांच्या किपूत, म्हणजे गाठींनी नोंदी ठेवायच्या साधनात, गाठी मारलेल्या दोऱ्या एका मुख्य दोरीला लोंबतात. आपल्याकडे ते काम शिरोरेघ आयतंच करते, म्हणून सगळा भार तिच्यावर. तिथे एक सेंटिमीटर जाडीची बांबूची कामटी घ्या. तीन मिलिमीटरची सुतळी फूटभर कामटीवर घट्ट वेढायला साधारण चार मीटर लागते. वळणांसाठी आत ॲल्युमिनियमची तार. स्वस्त म्हणून बांधकामाची काळी तार घातली तर पहिल्याच पावसाळ्यात गंज सुतळीतून बाहेर फुटतो.

नेहमीची तक्रार: अक्षर गरगर फिरतं. एकाच दोरीने टांगलं की दमट हवेत आणि वजनाने पीळ सैल होतो, आणि ‘ग’ पाठमोरा होऊन बसतो. (‘ठ’ला काही फरक पडत नाही, तो दोन्हीकडून ‘ठ’च.) शिरोरेघेच्या दोन्ही टोकांना दोऱ्या बांधा, प्रश्न मिटतो.

उन्हात ताग पिवळट-तपकिरी पडतो आणि ओला राहिला तर कुजतो. उघड्या गॅलरीसाठी काथ्याच घ्यावा. बोटं सोलतात आणि बारीक वळणं जमत नाहीत, त्यामुळे काथ्याचं अक्षर दोन फुटांपेक्षा लहान करू नका.