छोट्या कॉलेजात कॉग्निटिव्ह सायन्स: तीन सेमिस्टरनंतर

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची सीट सोडून मी अमेरिकेच्या ईशान्येकडच्या एका छोट्या, अनेक विषय एकत्र शिकवणाऱ्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजात कॉग्निटिव्ह सायन्स शिकायला आले. ‘म्हणजे सायकॉलॉजीच ना?’ असं घरी अजून विचारतात. तसं नाही. मन काम कसं करतं, या एकाच प्रश्नावर इथे मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, मेंदूविज्ञान आणि कॉम्प्युटर सायन्स एकत्र बसतात. या विषयाची पदवी सगळ्यात आधी दिली तीही एका छोट्याच कॉलेजानं, 1982 मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या व्हासार कॉलेजानं. ते उगाच झालं नसावं, असं मला आता वाटतं.

पहिल्या सेमिस्टरला वर्गात आम्ही 14 जण आणि शिकवायला दोघं: मानसशास्त्राच्या मॅडम, तत्त्वज्ञानाचे सर. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचं 1966 चं कोडं समोर आलं. टेबलावर चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. वर दिसतात ई, के, 4, 7. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम संख्या हवी. नियम खरा आहे का हे बघायला कुठले पत्ते उलटायचे? उत्तर आहे ई आणि 7. 7 च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो, 4 च्या मागे मात्र काहीही चालतं. मी 4 म्हटलं. बहुतेकांचं तेच होतं.

त्या रात्री काकांना फोन लावला. ते एसटीत कंडक्टर आहेत. पत्त्यांवर तेही चुकले. मग म्हटलं, ‘काका, अर्धं तिकीट असेल तर वय 65 च्या वर हवं. कुणाला तपासाल? एकाकडे अर्धं तिकीट, एकाकडे पूर्ण, एक 70 वर्षांचा, एक 40 चा.’ ते लगेच म्हणाले, ‘बायकांना सगळ्यांनाच अर्धं असतं, पुरुष धर. अर्ध्यावाल्याचं वय विचारायचं आणि चाळिशीवाल्याचं तिकीट बघायचं.’ अगदी बरोबर! कोड्याचा सांगाडा तोच, तरी एक क्षणही लागला नाही.

वर्गात हे सांगितलं आणि पुढचा पाऊण तास दोघं वाद घालत होते. मॅडम म्हणाल्या, लबाडी पकडायला माणसाचं मन तयारच असतं, असं मानणारा एक पक्ष आहे. सर म्हणाले, मुळात प्रश्नच बदलला. नियम खरा आहे का हे शोधणं वेगळं आणि तो कुणी मोडतोय का हे बघणं वेगळं. मग दोघांनी आम्हाला विचारलं, की यातलं कुठलं खरं हे ठरवायला प्रयोग कसा रचाल? त्यावरचा माझा निबंध तीनदा सुधारायला परत आला. 300 मुलांच्या हॉलमध्ये हे मला मिळालं नसतं.

भाषाशास्त्राच्या तासाला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांवर मी अर्धा तास बोलले. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हा फरक इंग्रजीत एका शब्दात करता येत नाही. आयुष्यभर वापरलेली गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली.

इथे पीएचडीचे विद्यार्थी नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळेचं काम आमच्याच हाती. ईईजीची, म्हणजे मेंदूतले विजेचे सिग्नल टिपणारी, टोपी समोरच्याला घालायची, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरायचं. मेंदूचे सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत असतात आणि समोरच्यानं नुसती पापणी मिटली तरी त्याहून मोठी लाट उमटते. हे पुस्तकात वाचलं होतं, पण खरं कळलं ते स्वतःचा सगळा डेटा साफ करताना.

आता खटकलेलं. या विषयाला शिक्षक मोजकेच. एक जण वर्षभर रजेवर गेले आणि संगणकीय मॉडेलिंगचा, म्हणजे मनाचं काम कॉम्प्युटरवर उभं करून बघण्याचा, कोर्सच बंद झाला. मी त्याच कोर्ससाठी आले होते, म्हणून फार लागलं. एमआरआय कॅम्पसवर नाही. कॉलेजचं नाव भारतात कुणी ऐकलेलं नसतं. फी प्रचंड आहे. मोठी स्कॉलरशिप नसती तर बाबांना मी हे सुचवलंही नसतं. आणि ज्यांना मेंदूचा एकच कप्पा खोलात शिकायचाय त्यांना मोठं विद्यापीठच बरं.

प्रवेश घेण्याआधी वेबसाइटवरच्या कोर्सच्या यादीवर विसंबू नका. गेल्या दोन वर्षांत त्यातले कुठले कोर्स प्रत्यक्ष शिकवले गेले, हे कॉलेजला ईमेल करून विचारा. मी ते विचारलं नव्हतं.