लष्करी तळाशेजारच्या पाणीखात्यांसाठी ‘सिसा’ची मोफत तपासणी सेवा

अमेरिकेच्या सायबरसिक्युरिटी अँड इन्फ्रास्ट्रक्चर सिक्युरिटी एजन्सीची, म्हणजेच ‘सिसा’ची, इंटरनेटवरून दिसणाऱ्या त्रुटी शोधणारी तपासणी सेवा तेथील पाणीपुरवठा संस्थांना पूर्णपणे मोफत मिळते. लष्करी तळाशेजारच्या प्रत्येक लहान शहराने ती घेतलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तळाच्या कुंपणावर कितीही पहारा असला, तरी त्याचे पाणी आणि वीज बहुतांशी बाहेरूनच येते. नॉर्थ कॅरोलायनातील फोर्ट ब्रॅगसारखा अवाढव्य तळदेखील शेजारच्या हार्नेट काउंटीच्या आणि फेएटव्हिल शहराच्या पाण्यावर चालतो. अशा खात्यातील संगणक कोणी ताब्यात घेतला, तर झळ नागरिकांना आणि सैनिकांना एकाच वेळी बसते. ‘व्होल्ट टायफून’ या चिनी हॅकर गटाने, अमेरिकेचा अँडरसन हवाई तळ जेथे आहे त्या प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावरील यंत्रणांमध्येही शिरकाव केल्याचे मे 2023 मध्ये उघड झाले. काही ठिकाणी तर हा गट किमान 5 वर्षे दबा धरून होता, असे फेब्रुवारी 2024 मध्ये सिसानेच सांगितले.

सेवेची कार्यपद्धती साधी आहे. ईमेलने नोंदणी करून संस्थेने आपले इंटरनेट पत्ते कळवायचे; त्यानंतर बाहेरून तपासणी सुरू होते आणि दर आठवड्याला अहवाल येतो. कोणतेही उपकरण बसवावे लागत नाही, पाण्याच्या यंत्रणेत काहीही बदलले जात नाही. गंभीर त्रुटी सापडल्यास पुढची तपासणी आठवडाभर न थांबता लवकर होते आणि हल्लेखोर प्रत्यक्ष वापरत असलेल्या त्रुटी अहवालात वेगळ्या दाखवल्या जातात. ज्या खात्यात संगणक सांभाळणारा जेमतेम एकच माणूस असतो, तेथे कोणते काम आधी हाती घ्यावे हे कळणे फार मोलाचे आहे.

मात्र ही तपासणी जे इंटरनेटवर उघडे आहे तेवढेच पाहते. अंतर्गत जाळ्यात ती जात नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅलिक्विपा येथे पाण्याचा दाब सांभाळणाऱ्या केंद्रातील नियंत्रकावर (यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणकावर) इराणशी संबंधित गटाने ताबा मिळवला. या प्रकारचे नियंत्रक तेव्हा थेट इंटरनेटला जोडलेले आणि कारखान्यातून आलेल्या ‘1111’ या पासवर्डवरच चाललेले आढळत होते. असे उपकरण बाहेरून दिसते आहे, एवढा इशारा अहवालातून मिळू शकतो. पासवर्ड बदलण्याचे काम शेवटी खात्याच्या माणसालाच करावे लागते.

बंदुकीच्या गोळीपुढे तर हा अहवाल निरुपयोगीच आहे. 3 डिसेंबर 2022 रोजी फोर्ट ब्रॅगला लागून असलेल्या मूर काउंटीत कोणीतरी दोन वीज उपकेंद्रांवर गोळ्या झाडल्या आणि सुमारे 45,000 ग्राहक अंधारात गेले. वीज पूर्ववत व्हायला काही दिवस लागले, शाळा बंद राहिल्या, रात्रीची संचारबंदी लावावी लागली. त्या भागात सैनिकांची कुटुंबेही राहतात. त्यामुळे केवळ संगणकाची तपासणी करून घेणाऱ्या शहराने निम्मेच काम केलेले असते. उरलेल्या निम्म्यासाठी सिसाचे संरक्षण सल्लागार प्रत्यक्ष जागेवर येऊन कुंपण, दरवाजे, कॅमेरे आणि प्रकाशव्यवस्था पाहतात, तेही विनाशुल्क. या दुसऱ्या सेवेची चर्चा फारच कमी होते, याचे मला वाईट वाटते.

माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. साप्ताहिक अहवाल नोंदणी केलेल्या संस्थेलाच जातो. ज्या तळाचे पाणी त्या संस्थेवर अवलंबून आहे, त्याच्या अभियंत्यांपर्यंत तो आपोआप पोहोचत नाही. गोपनीयतेचे कारण मला मान्य आहे, पण गंभीर त्रुटी सापडल्यास तळावर कोणाला आणि किती वेळात कळवायचे, याचा लेखी करार दोघांनी नोंदणीच्या वेळीच केला पाहिजे. या उणिवेमुळे मी सेवेला पाचपैकी चार गुण देतो. अमेरिकेतील अशा खात्यांत काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांनी वरिष्ठांपुढे नोंदणी, सल्लागाराची भेट आणि तळाबरोबरचा करार हे तिन्ही प्रस्ताव एकत्रच मांडावेत.