फोंड्यातील संवाद कार्यशाळा : पूर्वग्रहांना थेट हात घालणारे प्रशिक्षण

पतसंस्था, दवाखाने आणि दुकाने यांच्या काउंटरवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी गोव्यातील फोंड्यात नुकतीच संवादकौशल्यांची एकदिवसीय कार्यशाळा झाली. आवाजाचा चढउतार आणि देहबोली यांवर वेळ न दवडता प्रशिक्षिकेने आरंभीच ऐकणाऱ्याच्या मनातील पूर्वग्रहांना हात घातला, हे मला सर्वांत मोलाचे वाटले.

समोरच्याचे बोलणे पुरते समजण्याआधीच ते बरे की वाईट हे ठरवून टाकण्याची प्रवृत्ती हा संवादातील मुख्य अडथळा आहे, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५२ मध्ये मांडले होते. त्यावर त्यांनी सुचवलेला नियम असा, की दुसऱ्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल इतक्या नेमकेपणाने सांगून दाखवल्याशिवाय आपले मत मांडायचे नाही. या नियमाच्या सरावासाठी राजभाषेचा प्रश्न निवडण्याचे धाडस प्रशिक्षिकेने केले. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. तरीही या विषयावर आपल्याकडे एकमेकांचे ऐकून घेणारे विरळाच. मराठीची बाजू घेणाऱ्या एका शिक्षिकेने कोकणीवादी जोडीदाराचे म्हणणे मांडताच तो पुनःपुन्हा ‘अशें न्हय, बाय’ म्हणत राहिला, कारण त्याने न उच्चारलेला मराठीद्वेष तिने त्याच्या तोंडी घातला होता. अखेर त्याने मान डोलावली, तेव्हा मतभेद कायम होता. पण आता तो नेमका कशाविषयी आहे हे दोघांनाही सांगता येत होते.

दुपारचे सत्र त्या मानाने घाईत उरकले. एका गुणावरून संपूर्ण माणसाचे मूल्यमापन करण्याचा दोष मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्यातील अधिकाऱ्यांच्या गुणांकनांतून दाखवला होता. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या ग्राहकाला खुर्ची मिळते आणि परप्रांतीय मजुराला त्याचा प्रश्न पुरता न ऐकताच ‘उद्या या’ सांगितले जाते, हे त्याच दोषाचे रोजचे रूप असल्याने त्याला अधिक वेळ द्यायला हवा होता.

छापील टिपणे केवळ इंग्रजीत होती, ही मला गंभीर उणीव वाटते. ज्यांच्यासाठी ती होती त्यांतील अनेकांनी ती न वाचताच पिशवीत ठेवली. शुल्क रास्त आहे आणि मी ही कार्यशाळा निःसंकोच सुचवीन, मात्र संस्थांनी कर्मचाऱ्यांसोबत व्यवस्थापकांनाही पाठवावे. काउंटरवर कोणाला किती वेळ द्यायचा हे बहुतेक ठिकाणी तेच ठरवतात आणि या वेळी त्यांच्यापैकी कोणीही आले नव्हते.