स्वतःच्याच टर्बोचे ३४,५०० रुपये

पिंपळगाव बसवंत आणि लासलगावच्या बाजारांतून वाशीला कांदा पोहोचवणारा माझा एकच सहाचाकी ट्रक आहे. तो मी स्वतः चालवतो आणि सोबतीला वडिलांच्या वेळेपासूनचे क्लीनर नाना असतात. गेल्या मार्चमध्ये त्याच्या इंजिनातून एक आवाज येऊ लागला. सुरुवातीला तो भुंग्याच्या गुणगुणीसारखा होता. रेस दिली की तो शिट्टीसारखा चढत जाई आणि पाय काढला की पुन्हा उतरे. तो कधी थांबत नसे. आठवडाभराने त्याची सवय होईल असे मला वाटले होते, परंतु घडले उलटेच, आणि रात्री झोपेतही तो कानात वाजू लागला.

नाशिकच्या आडगाव नाक्याच्या बाजूला महामार्गालगत असलेल्या एका गॅरेजमध्ये मी गाडी नेली. गॅरेजचे नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही. तेथील मिस्त्रीने जेमतेम अर्धा मिनिट आवाज ऐकला आणि म्हणाला, “शेठ, टर्बो गेलाय.” टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. एका ट्रकच्या मालकाला कोणी शेठ म्हटले की त्याने खिशावर हात ठेवावा, हे मला तेव्हा सुचले नाही. त्याने हवेचा पाइप सोडवला, टर्बोचे पाते बोटांनी धरून आडवे हलवून दाखवले आणि “बघा, कसा खेळतोय” असे म्हणत माझेही बोट त्यावर ठेवले. पाते खरोखरच किंचित हलत होते. डोळ्यांनी पाहिले आणि बोटाने अनुभवले, त्यामुळे मी पुढे काहीच विचारले नाही.

या एका हलण्यावरच सारा व्यवहार उभा होता, म्हणून ते नीट सांगतो. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो आणि त्याचा वेग मिनिटाला लाखाच्या घरात जाऊ शकतो. इंजिन बंद असताना तेलाचा दाब नसतो, त्यामुळे धडधाकट टर्बोचा दांडाही आडवा थोडासा हलतो. काळजी करायची ती पाते कवचाला घासत असेल, दांडा पुढे-मागे सरकत असेल किंवा पाइपात प्रमाणाबाहेर तेल साचलेले असेल तर. माझ्या गाडीत यांपैकी काहीही नव्हते. शिवाय टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, त्यामुळे त्याचा आवाज भरलेली गाडी चढावर जोर लावते तेव्हा उठून येतो. नुसत्या उभ्या इंजिनावर तो सहसा कानाला लागत नाही. नाना पहिल्या दिवसापासून सांगत होते, “भाऊ, गाडी उभी असली तरी वाजतंय हे.” ते वाक्य मी मिस्त्रीला सांगितलेसुद्धा नाही.

नवा टर्बो, गॅस्केट आणि मजुरी मिळून ३४,५०० रुपये ठरले. त्यांपैकी २०,००० मी फोनवरून पाठवले आणि उरलेले रोख दिले. जुना टर्बो मागितला, तेव्हा तो कंपनीला बदलीत परत द्यावा लागतो, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी हातात आली तेव्हा चंदेरी रंगाचा टर्बो चमकत होता आणि आवाज जवळजवळ नाहीसा झाला होता. मी मिस्त्रीला चहा पाजला, हे लिहिताना आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी भिवंडीहून परतीचे भाडे भरून कसारा घाट चढत असताना पाण्याचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला आणि हेडलाइटचा उजेड पिवळा पडला. गाडी बाजूला घेऊन इंजिन थंड होऊ दिले. नानांनी बंद इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यावर अंगठा दाबून पाहिला, तर जो पट्टा अर्धा इंच दबायला हवा तो दीड इंच आत जात होता. याच पट्ट्यावर फिरून गाडीची वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा ताण-बोल्ट सैल करून पुन्हा घट्ट केल्याच्या ताज्या खुणा त्यावर स्पष्ट दिसत होत्या. आम्ही पट्टा ताणला, गाडी चालू केली आणि तो आवाज जसाच्या तसा परत आला.

नाशिकमध्येच अंबडला गाड्यांच्या विजेची कामे करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. त्यांनी आधी मला प्रश्न विचारले. उभ्या गाडीत वाजते का? वाजते, म्हणजे मागची चाके फिरवणारे डिफरन्शियल नाही. क्लच दाबल्यावर आवाज बदलतो का? बदलत नाही, म्हणून गिअरबॉक्सवरचा संशयही कमी. स्टिअरिंग फिरवल्यावर वाढतो का? नाही. मग त्यांनी मला हेडलाइट लावायला सांगितले आणि त्याबरोबर आवाज जड झाला. लांब पेचकसाचे टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवून त्याची मूठ त्यांनी कानाशी धरली, नंतर तीच मूठ माझ्या कानाशी दिली, आणि महिनाभर मला छळणारा तो आवाज कोणीतरी थेट डोक्यात ओतावा तसा आत शिरला. शेवटी त्यांनी पट्टा उतरवून इंजिन अर्धा मिनिटच चालवले, कारण त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. इंजिन अगदी शांत होते. अल्टरनेटरची दोन बेअरिंगे आणि मजुरी मिळून त्यांनी ९५० रुपये घेतले.

एवढ्यावर मी मिस्त्रीला अडाणी ठरवून गप्प बसलो असतो. परंतु पट्टा सैल केला की खराब बेअरिंगवरचा ताण कमी होतो आणि आवाज दोन दिवस दबतो, हे ज्याला कळते त्याला आवाज कुठून येतो हेही कळलेले असते. त्याने बोल्टला हात लावला होता, म्हणजे आजार त्याला पहिल्याच दिवशी सापडला होता.

त्यानंतर नानांनी टर्बोकडे पाहिले. दोन वर्षांपूर्वी इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डचे काम करताना हातोडी निसटून टर्बोच्या कवचाच्या कडेचा एक टवका उडाला होता आणि त्यावरून नानांचे त्या वेळच्या मिस्त्रीशी भांडणही झाले होते. चंदेरी रंगाखाली तोच टवका त्याच जागी होता. नंबरपट्टी काढलेली होती आणि तिच्या रिव्हेटांची दोन भोके रंगाने बुजलेली होती. म्हणजे माझाच टर्बो धुऊन, रंगवून मला विकण्यात आला होता.

मी गॅरेजमध्ये गेलो तेव्हा “तुमच्याकडे बिल आहे का?” एवढेच मला विचारण्यात आले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आणि गॅरेजला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ट्रक धंद्याचा असल्यामुळे आपण ग्राहक ठरत नाही, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे आणि माझीही होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळलेली आहे हे खरे, परंतु केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरली असेल तर तो माणूस ग्राहकच मानला जातो. मी स्वतः गाडी चालवतो, ही गोष्ट येथे उपयोगी पडली. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

नोटिशीला उत्तर आले नाही, म्हणून तक्रारीचे कागद तयार केले आहेत. त्यांत टवक्याची आणि रिव्हेटांच्या भोकांची छायाचित्रे, २०,००० रुपये पाठवल्याची फोनवरची नोंद आणि अंबडच्या कारागिराने सही करून दिलेले ९५० रुपयांचे बिल आहे. गॅरेजकडून मिळालेला कागद एकच, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर लिहिलेला. त्यावर ना नाव, ना तारीख, ना जीएसटी क्रमांक. फक्त रक्कम आणि तिच्या खाली मिस्त्रीच्या हातचे दोन शब्द आहेत: “टर्बो नवा”.