अकरा करारांची आमदारकी : सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांच्या सेवेचे परीक्षण

आमदारकी ही मतदाराने पाच वर्षांच्या करारावर घेतलेली सेवा आहे असे मानले, तर सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाने हा करार एकाच माणसाशी अकरा वेळा केला. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ मध्ये अखेरचे. मधल्या काळात विधानसभेची सदस्यसंख्या २६४ वरून २८८ झाली, सभागृह नरिमन पॉइंटच्या नव्या विधान भवनात गेले. आबासाहेबांचा, म्हणजे देशमुखांचा, मतदारसंघ आणि पक्ष मात्र बदलला नाही. या सेवेला मी पाचांपैकी चार तारे देतो. पाचवा का रोखून धरला, ते पुढे येईलच.

आधी विक्रमाविषयी. अकरा विजय हा देशातील उच्चांक असल्याचे अनेकदा छापून येते, ते बरोबर नाही. तमिळनाडूचे करुणानिधी तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले, तेही वेगवेगळ्या मतदारसंघांतून, केरळचे के. एम. मणी तर पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा जिंकले. तरीही सांगोल्याचा आकडा मला अधिक बोलका वाटतो. करुणानिधी अनेकदा मुख्यमंत्री होते, मणी दीर्घकाळ अर्थमंत्री होते; देशमुखांनी मात्र १९७८ चे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आणि १९९९ नंतरचे आघाडी सरकार एवढे दोन मंत्रिपदांचे टप्पे वगळता जवळजवळ सारी कारकीर्द विरोधी बाकांवर काढली. ज्याच्या हाती निधीवाटपाची चावी नाही, त्याला लोक पुन्हा पुन्हा का निवडून देतात, हा या परीक्षणातला खरा प्रश्न आहे.

विरोधी आमदाराच्या हातात असतात ती मुख्यतः कागदी हत्यारे : तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते), तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना, खात्याची मागणी कमी करा म्हणणारी कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा. प्रश्नोत्तरांची छापील यादी ज्याने चाळली आहे, त्याला तिची चाल ठाऊक असते. अमुक तालुक्यातील तलावाचे काम रखडले आहे, ‘हे खरे आहे काय’. असल्यास चौकशी केली आहे काय. नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. समोरच्या रकान्यात उत्तर येते, ‘अंशतः खरे आहे’, आणि शेवटी ते हमखास वाक्य : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ नवखा सदस्य इथे थांबतो. मुरलेल्या सदस्याला त्या ‘अंशतः’ शब्दात उपप्रश्नाची जागा दिसते, आणि मागच्या अधिवेशनात याच खात्याने वेगळे उत्तर दिले होते हे आठवत असेल तर मंत्र्याला आश्वासन दिल्यावाचून सुटका नसते. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या देशमुखांची अभ्यासू सदस्य म्हणून जी ख्याती होती, तिचे मोल या स्मरणशक्तीत आहे. खाती फिरतात, सचिव बदलतात, आणि मागचे सगळे लक्षात असणारा माणूस समोरच्या बाकावर बसलेला राहतो.

साधेपणावर फार लिहिले गेले आहे, म्हणून मी एकाच दृश्यावर थांबतो. एसटीच्या गाडीत पुढच्या बाजूला आमदार-खासदारांसाठी राखीव आसन असते आणि त्यावर तशी अक्षरे रंगवलेली असतात. त्या आसनावर एरवी बाजारची पिशवी मांडीवर घेतलेला कोणीतरी निर्धास्त बसलेला असतो, कारण खरा हक्कदार गाडीत चढेल अशी शंकाही कोणाला येत नाही. देशमुख मात्र एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणूनच महाराष्ट्राला माहीत होते. मला यात त्यागापेक्षा सेवेची सोय अधिक दिसते : शेजारच्या आसनावरून तक्रार सांगायला चिठ्ठी, मध्यस्थ किंवा स्वीय सहायक लागत नाही.

आता पाण्याविषयी, कारण अवर्षणप्रवण माणदेशात आमदाराची पारख शेवटी पाण्यावरच होते. १९९३ मध्ये आटपाडीला सांगली, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारातील त्या चळवळीत देशमुख ठामपणे उभे राहिले. मागणी अशी, की कृष्णेचे पाणी उचलून या तालुक्यांना द्यावे आणि ते समन्यायी पद्धतीने वाटावे. टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा सिंचन योजनांमागे जो लोकांचा रेटा होता, त्यात या परिषदांचा वाटा मोठा आहे. पण ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर विलंबाची नोंद करावीच लागते. १९६२ मध्ये ज्याने पहिले मत दिले, त्याच्या शेतात पाणी पोहोचण्याची वाट त्याच्या मुलांनी आणि नातवांनीही पाहिली. हा दोष एका आमदाराचा नव्हे, हे मान्य. पण विरोधी बाकांवरची निष्ठा फुकट मिळत नसते, आणि तिची किंमत तालुक्यानेही मोजली. ज्या तालुक्यात कापूस जवळजवळ पिकत नाही तिथे शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी करून नीट चालवणे, ही मात्र त्यांची रोकडी कामगिरी होती.

दोनदा मतदारांनी करार मोडला : १९७२ मध्ये आणि १९९५ मध्ये. पहिल्या पराभवानंतर १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परतले, दुसऱ्यानंतर १९९९ मध्ये. माझ्या लेखी अकरा विजयांइतकेच हे दोन पराभव महत्त्वाचे आहेत. त्यांनी पक्ष बदलला नाही, सुरक्षित मतदारसंघ शोधला नाही आणि मागच्या दाराने विधान परिषदेतही गेले नाहीत.

रोखलेला पाचवा तारा इथे येतो. एकेकाळी राज्यातील प्रमुख विरोधी पक्ष असलेला शेकाप २०१४ मध्ये तीन जागांवर आला होता, आणि सांगोल्यात तर पक्ष म्हणजे आबासाहेब असे समीकरण झाले होते. वयोमानामुळे २०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत, तेव्हा उमेदवारी अखेर घराबाहेर गेली नाही. ती नातवाकडे, अनिकेत देशमुखांकडे आली. घराणेशाहीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या परंपरेने इतक्या वर्षांत दुसरा चेहरा घडवू नये, हे मला खटकते. अनिकेत ७६८ मतांनी हरले. जिंकलेले शहाजीबापू पाटील पुढे ‘काय झाडी, काय डोंगार’ या उद्गारांमुळे राज्यभर गाजले, आणि सांगोल्याचे नाव कधी न ऐकलेल्यांनाही ते उद्गार पाठ झाले. अर्धशतक उपप्रश्न विचारणाऱ्याला अशी प्रसिद्धी कधी लाभली नव्हती.

३० जुलै २०२१ रोजी देशमुखांचे निधन झाले. २०२४ मध्ये त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी सांगोल्याची जागा परत जिंकली. त्या निवडणुकीत शेकापला राज्यात मिळालेली ती एकमेव जागा होती.